मुठीच्या आतले पाते

तलवार हा शब्द आपण किती सहज वापरतो! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतो. परीक्षा जवळ आली की डोक्यावर टांगती तलवार आहे म्हणतो. आणि खंडेनवमीला शस्त्रपूजा करायची झाली की विळी, कातर आणि सुरी पाटावर मांडून मोकळे होतो. खरी तलवार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली ती संग्रहालयातल्या काचेआड. म्हणूनच माझ्या मावसभावाने अमेरिकेहून "मी कताना विकत घेणार आहे" असे कळवले, तेव्हा घरात जो गहजब उडाला तो स्वाभाविकच होता.

दादा टेक्सासमध्ये नोकरी करतो. घरामागे थोडे परस आहे, परसाला लाकडी कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा सहा वर्षांचा मुलगा खेळत असतो. दोन वर्षे दादा तिथल्या एका वर्गात लाकडी तलवारीने जपानी तलवारबाजी शिकला. आता त्याला परसात प्रत्यक्ष कापण्याचा सराव करायचा होता, आणि खर्चाची मर्यादा होती २५० डॉलर. मावशीने फोनवर स्पष्ट सांगितले, "कापायचीच हौस असेल तर विळी पाठवते, भोपळे चिर!" आणि त्याचे मन वळवण्याचे वकीलपत्र माझ्याकडे दिले. कारण काय, तर मी कलाशाखेची, मला बोलता येते!

वकिलाला खटला वाचावा लागतो. मीही वाचू लागले. कापून पाहण्याच्या या सरावाला जपानीत 'तामेशिगिरी' म्हणतात. गवती चटईची सुरळी करून ती पाण्यात भिजवतात, खुंट्यावर उभी करतात आणि तिच्यावर वार करतात. आज हे निरुपद्रवी वाटते. परंतु एदो काळात (१६०३–१८६८) तलवारीची परीक्षा देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या शवांवर घेत, आणि तिचा निकाल कधी कधी पात्याच्या मुठीत दडणाऱ्या भागावर सोन्याने कोरून ठेवीत. वाचून अंगावर काटा आला. घडवणारा लोहार आपले नावही याच दडलेल्या भागावर कोरतो. कीर्ती अशी झाकून ठेवणारे कारागीर जगात थोडेच असतील!

"स्वस्त तलवार म्हणजे धोका," असा मुद्दा मी मांडला.

दादा शांतपणे म्हणाला, "अगं, स्वस्तातही दोन जाती आहेत. पैसे कुठे वाचवले आहेत ते पाहायचे."

मग त्याने जे सांगितले ते मला एखाद्या तासाइतके मोलाचे वाटले. भिंतीवर लावायच्या तलवारीचे पाते न गंजणाऱ्या पोलादाचे, चकचकीत असते. म्यानावर नक्षी असते, ड्रॅगन असतो. मात्र मुठीच्या आत पाते जवळजवळ संपलेले असते आणि त्याला एक बारीक सळई जोडलेली असते. जोरात वार केला की ती सळई तुटते आणि पाते हातातून सुटून जाईल तिकडे जाते. कुंपणापलीकडचा मुलगा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

कापण्याच्या तलवारीचे पाते मुठीत खोलवर गेलेले असते आणि बांबूच्या मेखेने पक्के केलेले असते. पोलाद कार्बनचे. १०४५, १०६०, १०९५ असे त्याचे आकडे. शेवटचे दोन अंक कार्बनचे प्रमाण सांगतात – ०.४५, ०.६० आणि ०.९५ टक्के. कार्बन वाढला तर धार टिकते, पण ठिसूळपणाचा धोकाही वाढतो. आपले लोहार ज्याला 'पाणी देणे' म्हणतात, ते काम जपानी लोहार पात्याला माती लिंपून करतो. पाठीवर जाड थर, धारेवर पातळ. त्यामुळे धार कठीण होते, पाठ मऊ राहते आणि दोहोंमध्ये लाटेसारखी रेघ उमटते. हलक्या तलवारींवर हीच रेघ आम्लाने नुसती काढलेली असते!

नवशिक्याने या रेघेच्या मोहात पडू नये, असे दादाचे म्हणणे. वार तिरका बसला की मऊ पाठीचे पाते वाकते आणि वाकलेलेच राहते. सर्वत्र सारखे पाणी दिलेले पाते बहुधा पुन्हा सरळ होते. म्हणून त्याने चीनमधील लोंगच्वान या तलवारींच्या जुन्या गावी बनलेली, १०६० पोलादाची, काळ्या म्यानाची, अगदी साधी तलवार निवडली. गंमत अशी की ही कताना खुद्द जपानात बाळगता येणार नाही. तिथल्या १९५८ च्या कायद्याने परंपरागत रीतीने घडवलेल्या, नोंदणी झालेल्या तलवारींनाच घरात जागा आहे. (आपल्याकडेही १९५९ चा शस्त्र कायदा आहे, तेव्हा वाचकांनी भोपळ्यावरच समाधान मानावे.)

खटला मी हरले, परंतु दोन अटी मान्य करून घेतल्या. शेजारचा मुलगा शाळेत गेल्यावरच तलवार म्यानाबाहेर यावी. आणि दर वेळी आधी मूठ व मेख तपासावी. आता मावशी दर रविवारी फोनवर जेवणाची चौकशी करते आणि लगेच विचारते, "मेख पाहिलीस ना रे?"

पहिल्या दिवशी पाते चटईत अर्ध्यावरच अडकले. "धार एका दिशेला, हात दुसऱ्या दिशेला," दादा म्हणाला. मला त्याचा हेवा वाटला. आम्ही गाईडे वाचून पास होतो, ऐनवेळी पाठ केलेले उतारे उत्तरपत्रिकेत ओततो आणि कधी कधी चांगले गुणही मिळवतो. ओली चटई मात्र कुणाची भीड ठेवीत नाही. हात वाकडा असेल तर ती वाकडेच सांगते.

पदवी घेऊन आम्ही लवकरच बाहेर पडू. अंगावर झूल असेल, हातात सुरळी केलेला कागद असेल. आमच्यातही बाहेरची नक्षी पुष्कळ आहे. पहिला खरा वार करायची वेळ येईल तेव्हा प्रश्न एकच असेल: मुठीच्या आत पाते कुठवर गेले आहे?