बांध आणि बँडविड्थ



इथे आपण कांदा, भात आणि वाडीचं लिहितो. आज थोडं वेगळं, पण शेतीशी नातं असलेलं. आमच्या दोन माडांमध्ये ताणलेली तार बघून बरेच जण विचारतात. ती हॅम रेडिओची एरियल. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन लायसन्स मिळतं, मग स्वतःच्या सेटवरून बोलता येतं. मध्ये टॉवर नाही की रिचार्ज नाही. परवा परीक्षेची तयारी करणाऱ्या दोन पोरांनी विचारलं, "काका, फिल्टर कुठला घ्यायचा आणि बँडविड्थ किती ठेवायची?" त्यांना दिलेलं उत्तर सगळ्यांसाठी लिहितो.

आधी जागेचा हिशोब. ४० मीटरच्या पट्ट्यात आपल्याकडे ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ वापरायची परवानगी आहे. म्हणजे शेत २०० किलोहर्ट्झचं. सिंगल साइडबँडवर माणसाचा आवाज अडीच-तीन किलोहर्ट्झ जागा घेतो. अख्खं शेत बोलण्याला दिलं तरी साठ-सत्तर वाफे पडतात, आणि त्यातला काही भाग मोर्स आणि डिजिटलवाल्यांचा. एवढ्या जागेत सगळ्या देशाची माणसं, रात्री तर परदेशातलीही. इथे बांध सांभाळूनच राहावं लागतं.

ऐकण्याचा फिल्टर म्हणजे चाळण. बोलण्यासाठी २.४ किलोहर्ट्झची चाळण बहुतेक वेळा बरोबर. शेजारी गर्दी झाली तर १.८ वर या, पण त्याखाली गेलात तर दाणाच अडकतो. माणसाच्या आवाजाचं वजन खालच्या सुरांत असतं, पण अक्षर ओळखू येतं ते वरच्या सुरांमुळे. वरचे सूर कापले की स, श, फ आधी जातात. "सात" की "साठ" हे कळेनासं होतं. गप्पांमध्ये चालेल, पण तांदळाची पोती किती पाठवायची ते सांगताना नाही चालणार. म्हणून आकडा नेहमी सुटा सांगावा, "सहा, शून्य".

मोर्सला ५०० हर्ट्झ पुरतात. २.४ किलोहर्ट्झवरून ५०० हर्ट्झवर आलं की सेटमध्ये शिरणाऱ्या गोंगाटाची ताकद साधारण पाचव्या हिश्श्यावर येते. बुडालेला सिग्नल वर येतो तो त्यामुळे. अगदीच बारीक चाळण लावली तर टिंब-रेघा घुमायला लागतात आणि एकमेकांत मिसळतात.

सेकंड हँड सेट घेणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. जुन्या सेटमध्ये फिल्टर हा खराखुरा स्फटिकाचा भाग असतो, मोर्सचा बऱ्याचदा वेगळा घ्यावा लागतो. त्याऐवजी स्पीकरच्या अलीकडे लावायचा स्वस्त ऑडिओ फिल्टर मिळतो. दोन्हींत फरक आहे. सेटमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा असते, तिला एजीसी म्हणतात. शेजारचा जोरदार सिग्नल तिच्यापर्यंत पोचला की ती सगळ्याचाच आवाज खाली ओढते. मग ऑडिओ फिल्टरने शेजारी ऐकू येत नाही, पण तुमचा बारीक सिग्नलही त्याच्याबरोबर गेलेला असतो. म्हणून चाळण एजीसीच्या आधी हवी. पैसे घालायचे तर तिथे घाला.

आता आपल्या शेतकऱ्यांचा खास त्रास. कुंपणाचं झटका मशीन सेकंदा-सेकंदाला टक् टक् करतं आणि ते रेडिओत येतं. अशा ठोक्यावर चाळण बारीक केली तर टक् कमी होत नाही, उलट लांबते. तिथे नॉइज ब्लँकर लावायचा, तो ठोका चाळणीत शिरायच्या आधीच कापतो. बऱ्याचदा मुळात कुंपणाची तार कुठेतरी गवताला लागलेली असते किंवा जोड सैल असतो, तिथे ठिणगी पडते. तार दुरुस्त केली की रेडिओही शांत होतो आणि झटकाही नीट बसतो.

गोंगाट त्याच्या मुळाशी तोडावा, नाहीतर त्याच्यापासून लांब जावं, हे अलिबागकरांना कुणी शिकवायला नको. आपली चुंबकीय वेधशाळा इथे आली ती याच कारणाने. कुलाब्याला १८४१ पासून वेध घेत होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू केली. दोन वर्षं दोन्हीकडचे वेध बरोबरीने घेऊन, ताळा जुळवून मग १९०६ मध्ये काम इकडे आणलं. कितीही चांगला फिल्टर घेतला तरी आपल्याच वाफ्यात पडलेला गोंगाट त्याला निवडता येत नाही.

इथवर झालं ते ऐकण्याचं. ती चाळण तुमची आहे, चुकली तर नुकसान तुमचं. बोलण्याची रुंदी मात्र शेजाऱ्याच्या जमिनीचा प्रश्न आहे.

नव्या सेटमध्ये बोलण्याची रुंदी निवडता येते. १०० ते २९०० हर्ट्झ ठेवली तर आवाज भरदार, गोड वाटतो. पण त्या भरदारपणात ताकद जाते आणि अक्षर काही जास्त कळत नाही. ३०० ते २७०० ठेवा. तेच वॅट कमी रुंदीत जातात. पाणी तेवढंच, पाट अरुंद, त्यामुळे ओढ जास्त.

पोरांची खरी गफलत पुढेच आहे. त्यांना वाटतं, फिल्टर २.४ चा आहे म्हणजे आपण बांधाच्या आत आहोत. तसं नाही. फिल्टर आधी असतो, ताकद वाढवणारा भाग नंतर. माइकचा गेन आणि कॉम्प्रेसर वाढवून त्या भागाला झेपणार नाही एवढं ढकललं, तर घाण फिल्टरच्या पुढे तयार होते आणि दोन्हीकडच्या वाफ्यांत सांडते. तुम्हाला स्वतःला ते कधीच ऐकू येत नाही. मीटरवर एएलसीचा काटा मर्यादेतच राहिला पाहिजे, आणि दूरच्या माणसाला मुद्दाम विचारावं, "माझा सिग्नल किती पसरतोय?"

बॅटरीचंही तसंच. हे सेट १३.८ व्होल्टसाठी बनवलेले. ट्रॅक्टरच्या उतरलेल्या बॅटरीवर पूर्ण ताकदीने बोललात तर व्होल्टेज बसतं, आवाज फाटतो आणि पसरतो. तेव्हा वॅट कमी करावेत.

हे सगळं कशासाठी, ते आपल्या किनाऱ्याला माहीत आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, ताशी १०० किलोमीटरहून जास्त वाऱ्याने किनाऱ्यावर आलं. माड-पोफळी आडव्या झाल्या, लाइट गेली, फोन गेले. माणसं नातेवाइकांची खुशाली कळावी म्हणून रेंज शोधत फिरत होती. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून हॅम मंडळींनीच निरोप पोचवले होते. अशा वेळी पाच-दहा वॅटवर, उतरलेल्या बॅटरीवर, पडक्या तारेवर कुणीतरी बोलत असतो. त्याला आणखी ताकद वाढवता येत नाही. त्याचा आवाज पोचणार की नाही, ते शेजारच्या वाफ्यात शंभर वॅटवर बोलणाऱ्याने आपला बांध पाळलाय की नाही, यावर ठरतं.

शेतात बांध कोरणाऱ्याला गाव ओळखतं. हवेत बांध दिसत नाही, म्हणून तो आपणच जास्त जपायचा.

परीक्षेबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा. झटका मशीनच्या आवाजावर कुणी आणखी काही उपाय केला असेल तर तोही सांगा.