नवव्या दिवसाचा ताप

नोव्हेंबर २०२२. गोवंडीत गोवराने मुलं दगावल्याच्या बातम्या येत होत्या आणि घाटकोपरला आमच्या घरी लेकीची नवव्या महिन्याची लस राहिली होती. साडेतीन महिन्यांच्या डोसनंतर ती रात्रभर तापली, मांडी सुजली. तेव्हापासून मी टाळत होते. दारात आलेल्या आरोग्यसेविकेला हे जरा घुश्श्यातच सांगितलं. तिने वाद घातला नाही. म्हणाली, "ताई, ताप याही वेळी येऊ शकतो, पण आठवड्याभराने. एकदोन दिवसांत उतरतो. गोवर मात्र हवेतून पसरतो. गोवंडी इथून किती लांब?"

ताप येईल हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मी गेले. नवव्या दिवशी ताप आला. रात्री पट्ट्या ठेवल्या, पण या वेळी मी घाबरले नव्हते.