आखूड कुर्ता, पण मापाचा

गेल्या मार्चमध्ये आमच्या घरात एका कुर्त्यावरून तीन पिढ्यांचे भांडण झाले. चिरंजीवांनी जाहीर केले की, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपण आखूड कुर्ता आणि जीन्स घालणार. त्यावर आमचे वडील खाटेवरून म्हणाले, "बाबासाहेबांनी सूट घातला तो काय हौस म्हणून? कुर्ता पुढाऱ्यांना शोभतो. आपल्या माणसाने शर्ट खोचून, पट्टा लावूनच बाहेर पडावं." आम्ही मधल्यामध्ये सापडलो. कारण आमच्याही कपाटात दोन आखूड कुर्ते होते, आणि ते आम्ही वडिलांसमोर घालायचे टाळत होतो.

वडिलांचा राग उगाच नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत असे लिहून ठेवले आहे. ते पुस्तक बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळले गेले. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले होते की, लुगड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असले पाहिजे. आमचे आजोबा गावी असताना दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला सदरा घालत. खांदा कोपराकडे आलेला, बाह्या बोटांवर लोंबणाऱ्या. पुढे ते मुंबईत गिरणीला लागले आणि रिंगखात्यात सूत काढू लागले. साचाखात्यात पगार जास्त, पण तिथे कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागे, म्हणून आपल्या माणसांना तिथे येऊ देत नसत. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. म्हणजे सूत आपण काढायचे, कापड दुसऱ्याने विणायचे आणि जुने झाल्यावर ते पुन्हा आपल्या अंगावर यायचे! अशा घरात वडिलांनी पहिल्या पगारात शिंप्याकडे माप देऊन शर्ट-पँट शिवली. ते खोचलेल्या शर्टाला इतके का जपतात, हे यावरून ध्यानात यावे.

आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेताना बाबासाहेब सुटात नव्हते, पांढरे रेशमी धोतर नेसले होते. वडील क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "वर कोट होता ना?" होता, तोही पांढरा. आमचे तिथे काही चालले नाही.

पण एक गोष्ट त्यांना पटली. कुर्ता असो की शर्ट, तो आपल्या मापाचा हवा. आखूड कुर्ता बहुतेक बिघडतो तो इथेच. तयार कुर्ता घेताना आपली मंडळी छाती बघतात, खांदा बघत नाहीत. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच बसली पाहिजे. मध्यम उंचीच्या माणसाला लांबी ३० ते ३२ इंच पुरते. ती ३६ वर गेली की ना आखूड, ना लांब, आणि माणूस उगाच बुटका दिसतो. दोन्ही बाजूंचे कट चार-पाच बोटांचे असावेत, म्हणजे बसताना कापड ताणत नाही. शिवून घ्यायचा असेल तर ३६ इंच पन्ह्याचे कापड सव्वादोन ते अडीच मीटर लागते. सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्यावे. आम्ही एकदा ही घाई केली आणि दुसऱ्या धुण्यातच तो कुर्ता चिरंजीवांच्या मापाचा झाला.

रोजच्या वापराला फिका निळा, राखाडी किंवा बारीक रेघांचा सुती कुर्ता बरा. खाली गडद रंगाची साधी पँट, पायांत बूट किंवा नीट पट्ट्यांची चप्पल. बाह्या कोपराखाली दोन घड्या घालून दुमडल्या की लोकलच्या गर्दीतही सुटसुटीत वाटते. कुर्ता खोचायचा नसतो, पण म्हणून इस्त्री टाळायची नसते. उलट बाहेर सोडलेल्या कापडाची सुरकुती आधी दिसते. आम्ही पहिल्यांदा कुर्ता घालून कचेरीत गेलो तेव्हा एक साहेब सर्वांदेखत म्हणाले, "आज मोर्चा आहे वाटतं!" त्याच खोलीत दुसरे एक गृहस्थ दर शुक्रवारी कुर्ता घालून येत, त्यांना कधी कोणी मोर्चा विचारला नाही. आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा कुर्ता घालून गेलो, कडक इस्त्री करून, आणि टेबलावरच्या फायली दुपारपर्यंत संपवल्या. तो शेरा पुन्हा आला नाही.

विहारात मात्र आखूड कुर्त्याची एक अडचण आहे आणि ती कोणी सांगत नाही. पंचांग प्रणामाला गुडघे टेकून वाकले की मागून कुर्ता वर सरकतो आणि पाठ उघडी पडते. मागे माताभगिनी बसलेल्या असतात. तेव्हा वंदनेसाठीचा पांढरा कुर्ता रोजच्यापेक्षा चार बोटे लांब शिवावा, खाली पांढरा लेंगा किंवा सैल पँट घालावी आणि आत बनियन असावाच. घट्ट जीन्समध्ये मांडी घालून प्रवचन ऐकणे किती कठीण, हे तरुण मंडळींना ठाऊक आहे. म्हणूनच ती मागे भिंतीला टेकून उभी राहतात!

जयंतीला निळा रंग हौसेने घालावा. तो आपल्या आनंदाचा दिवस आहे. बुद्धपौर्णिमेला पांढरा, वर हवे तर निळे किंवा मातकट रंगाचे जाकीट. जाकिटाची लांबी कुर्त्यापेक्षा दोन-तीन इंच कमी ठेवावी. लग्नात नवरदेव पांढऱ्यात असतो, तेव्हा भावांनी आणि मित्रांनी जरीकाम केलेले भडक कुर्ते घालून त्याला झाकू नये. एका दिवसासाठी हजारोंचा भरजरी कुर्ता घेण्यापेक्षा तेवढ्यात तीन सुती शिवून होतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना मात्र नटणे नकोच. साधा धुतलेला पांढरा कुर्ता घालावा. रांगेत तासन् तास उभे राहावे लागते, म्हणून आतल्या बाजूने एक खिसा शिवून घ्यावा, पैसे आणि परतीचे तिकीट त्यात राहते.

पांढऱ्या कपड्याला नीळ थेंबभरच घालावी, नाहीतर डाग पडतात. कॉलरच्या पट्टीवरचा मळ आधी साबणाने हाताने चोळावा. आणि हे काम घरातल्या बाईवर न टाकता ज्याचा कुर्ता त्यानेच करावे. आमच्या घरी हा नियम लागू झाल्यापासून चिरंजीवांचे पांढऱ्याचे वेड थोडे उतरले आहे.

शेवटी १४ एप्रिलला नातू निळ्या कुर्त्यात निघाला. वडिलांनी त्याला दारात थांबवले, खांद्याची शिवण बोटाने चाचपली आणि विचारले, "पेन कुठे लावणार?" कुर्त्याला वरचा खिसाच नव्हता. पुढच्या रविवारी वडील स्वतः आमच्याबरोबर शिंप्याकडे आले. शिंपी म्हणाला, "बाबा, शॉर्ट कुर्त्याला छातीवर खिसा ठेवत नाहीत, फॅशन नाही." वडिलांनी आपल्या शर्टाच्या खिशातला पेन काढून त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा बसेल एवढा ठेव." मग दोन्ही हात बाजूला करून ते मापासाठी उभे राहिले. कापड पांढरे, लांबी ३२ इंच.