गटातली ओळख, वारीतली भेट

जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांची तालुक्याबाहेरच्या शिक्षकांशी ओळख आता बहुधा व्हॉट्सॲप गटांवरच होते. 2016 पासून भरू लागलेल्या ‘शिक्षणाची वारी’ या शासकीय उपक्रमाने अशा ओळखींना प्रत्यक्ष भेटीची जागा दिली. राज्यभरातले शिक्षक तिथे वर्गातले प्रयोग स्टॉलवर मांडत. परभणी-परळी लोहमार्गावरच्या पोखर्णी परिसरात शिकवणाऱ्या प्रस्तुत लेखकाचा अनुभव अशाच एका वारीतला आहे.

गटावर शिक्षकाचा चेहरा क्वचितच दिसतो. डीपीला देवाचा नाहीतर वर्गातल्या मुलांचा फोटो असतो. त्यामुळे स्टॉलवर ओळख पटते ती आवाजावरून. शंभर मण्यांची, दर दहा मण्यांनी रंग बदलणारी गणितमाळ गटावरच्या व्हिडिओंत नेहमी दिसते, आणि त्यात मूल कधी अडखळत नाही. स्टॉलवरच्या मॅडमनी अडखळणाऱ्या मुलाचे काय करायचे ते दाखवले. तेविसाव्या मण्यासाठी मूल पुन्हा एकपासून मोजू लागले, की पहिले वीस मणी तळहाताखाली झाकायचे आणि “आता पुढे मोज” म्हणायचे. एवढी बारीक गोष्ट संदेशात कोणी लिहीत नाही.

खरा लाभ झाला तो ऊसतोड मजुरांच्या मुलांबाबत. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड-परळी पट्ट्यातली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुलाला तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून गावची शाळा शिक्षण हमी कार्ड देते. पण कार्ड पिशवीत राहिले आणि कोपीपर्यंत, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीपर्यंत, कोणी गेलेच नाही, तर त्याचा उपयोग शून्य. वारीत कारखाना परिसरातले एक गुरुजी भेटले. गटावर त्यांच्याशी अभिनंदनापलीकडे बोलणे नव्हते. मांडवात शेजारी बसून डबा खाताना त्यांनी सगळे उलगडून सांगितले: टोळी कुठे उतरते, मुकादमाचा नंबर शाळेकडे का हवा, धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण कोपीवर थांबत असेल तर दोघांनाही वर्गात कसे बसवून घ्यायचे. त्या हंगामात आमच्या एका मुलाच्या हाती कार्ड गेले, तसा गुरुजींना हक्काने फोनही गेला आणि ते स्वतः कोपीवर जाऊन मुलाला शाळेत घेऊन आले. नुसत्या गटातल्या ओळखीवर असा फोन करायला मन धजत नाही.

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाची, शिक्षण परिषद दरमहा होते, पण ती केंद्रापुरती. जिथून मुले जातात आणि जिथे पोचतात, त्या दोन्हीकडच्या शिक्षकांची समोरासमोर बैठक दरवर्षी दसऱ्याच्या आत शिक्षण विभागाने घ्यावी.