अळंबीचा भाव

आम्ही आयुष्याची पुष्कळ वर्षे रसायनशास्त्र शिकविण्यात घालविली. त्यामुळे ताटात पडलेल्या पदार्थाचे मनातल्या मनात पृथक्करण करण्याची खोड आम्हांस जडली आहे. ही खोड एकदा आमच्या घरास फार महाग पडणार होती.

श्रावणाच्या आरंभी आम्ही सहकुटुंब पाचाडास एका स्नेह्याकडे उतरलो होतो. जिजामातांच्या समाधीचे दर्शन घेऊन परतताना, डोक्यावर प्लास्टिकचा कागद पांघरून बसलेली एक कातकरी म्हातारी दिसली. पुढ्यात पानांत बांधलेली अळंबी होती. भाव ऐकताच आमच्यातला मास्तर जागा झाला. "आजी, यात दहांतले नऊ भाग नुसते पाणी! पाण्याचे एवढे पैसे?"

"पानी वरून फुकट पडतंय, दादा. मग तेच प्या की," म्हातारी म्हणाली, पण दिवस मावळत आला होता, म्हणून तिने वीस रुपये कमी केले. आम्ही विजयी मुद्रेने घरी आलो.

आमचा हिशेब खोटा नव्हता. बाजारात मिळणाऱ्या लागवडीच्या पांढऱ्या बटन अळंबीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 92 ग्रॅम पाणी, 3 ग्रॅम प्रथिन आणि अर्ध्या ग्रॅमहूनही कमी स्निग्धांश असतो. वाळविली म्हणजे ती प्रथिनांत तुरीच्या डाळीची बरोबरी करते, असे सांगतात; परंतु वाळली अळंबी डाळीसारखी वाटीवाटीने कोण खातो? शिवाय प्रथिन मोजण्याची रीत म्हणजे नत्र मोजून त्यास 6.25 ने गुणणे. कोळंबीच्या कवचात असते ते कायटिन अळंबीच्या पेशींच्या भिंतींतही असते, आणि त्यातील नत्र प्रथिनाचे नव्हे. म्हणून अळंबीपुरते 4.38 ने गुणतात, आणि प्रथिनाचा आकडा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. तथापि पोटॅशियम आहे. उन्हात ड जीवनसत्त्व बनणारे अर्गोस्टेरॉल आहे. आणि ग्लुटामिक आम्लामुळे मांसाची आठवण देणारी रुचीही आहे. कित्येक घरी श्रावणात अळंबी वर्ज्य असते, ती बहुधा या रुचीपायीच.

रानातल्या अळंबीची कूळकथा मात्र निराळी. शिवकाल चालू होता त्याच शतकात पॅरिसचे माळी घोड्याच्या लिदीवर बटन अळंबी पिकवू लागले. आज भाताच्या पेंढ्यावर धिंगरी घरोघर पिकविता येते. वारुळावरची अळंबी पिकविते ती वाळवी. चावलेल्या लाकूडपाल्याचे वाफे जमिनीखाली रचून ती त्यांवर ही बुरशी जोपासते. व्यापारी प्रमाणावर ही शेती माणसास अद्याप साधलेली नाही.

हे सर्व ज्ञान डोक्यात घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी नातवासह घरामागच्या गवतात गेलो. रात्रीच्या पावसाने तेथे पांढऱ्या छत्र्यांचे रिंगणच उगवले होते. फुकट! टोपली भरून आम्ही स्वयंपाकघरात नेली. स्नेह्यांच्या मातोश्रींनी मात्र चूल पेटवू दिली नाही. रस्त्यावरून त्याच म्हातारीस बोलाविले.

तिने एक छत्री उलटी केली. खालच्या झालरीवर हिरवट झाक होती. मग तिने देठाचे बूड दाखविले. "हिला खाली मूळ न्हाय, दादा. अळंबीचं मूळ पार वारुळात जातं. ही पोराला देऊ नका."

हिरव्या झालरीची ती जात ओकाऱ्या व हगवणीने माणसास बेजार करते, आणि लहान मुलांस विशेष. याहून भयंकर जातीही आहेत. त्यांतील विष काही मिलिग्रॅम पोटात गेले तरी जिवावर बेतते. शिजविल्याने ते नासत नाही. सहा तासांनंतर, कधी दिवसभरानंतर, ओकाऱ्या सुरू होतात, मध्येच उतार पडल्यासारखे वाटते, आणि आत यकृत निकामी होत असते. चांदीचे नाणे टाकून पाहण्याची परीक्षा व्यर्थ आहे. चांदी काळी पडते ती गंधकाने, या विषाने नव्हे.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमची टोपली आणि म्हातारीची पुडी प्रयोगशाळेत शेजारी ठेविली असती, तर पाणी, प्रथिन, स्निग्धांश, राख या रकान्यांत दोहोंचे आकडे फारसे वेगळे आले नसते. ज्या रकान्यावर नातवाचा जीव अवलंबून होता, तो आमच्या कोष्टकात नव्हताच. तो म्हातारीस तिच्या आईने शिकविला होता, आणि त्याचेच वीस रुपये आम्ही कापले होते.

सकाळी आम्ही ते वीस रुपये देऊ केले. तिने ते मोजून कनवटीस लावले व नातवास हाक मारली. तो तिच्यामागून वारुळापर्यंत गेला, आणि अळंबी मुळासकट कशी काढावी हे शिकला. आम्हीही छत्री धरून मागे उभे होतो.