नोंदीबाहेरचे काम

वाङ्मयाच्या अभ्यासकाला सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या वर्गात काय काम, असे माझ्या पुण्याच्या स्नेह्यांनी विचारले, तेव्हा माझ्यापाशी धड उत्तर नव्हते. बंगळूरच्या एका शिक्षणसंस्थेत अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी आले होते ती तौलनिक साहित्य हा ऐच्छिक विषय शिकविण्यासाठी. संगणकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या गटप्रकल्पांतील लेखनाचा भाग माझ्याकडे सोपविला. पाच-पाच जणांचे गट. प्रत्येक गटाने एका सत्रात कोणा तरी खऱ्या माणसाच्या उपयोगी पडेल अशी प्रणाली तयार करावयाची. तिच्या गरजांचे टिपण आणि अखेरचा अहवाल मी तपासावयाचा, आणि प्रत्येकाच्या वाट्याचे काही गुणही मीच द्यावयाचे.

या विषयाचा इतिहास मी विद्यार्थ्यांबरोबरच वाचला. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा रूढ झाली ती १९६८ साली पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेपासून. मोठ्या प्रणाली वेळेत पुऱ्या होत नाहीत, झाल्या तरी भरवशाच्या नसतात, ही त्या परिषदेची चिंता होती. पुढे १९७५ साली फ्रेडरिक ब्रुक्स यांनी ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात रखडलेल्या कामावर आणखी माणसे नेमली की ते अधिकच रखडते, असे प्रतिपादन केले. त्यामागचा हिशेब साधा आहे. पाच माणसांत परस्परांशी बोलण्याच्या जोड्या दहा होतात. दहा माणसांत त्या पंचेचाळीस होतात. अडचण यंत्राची कमी आणि माणसांनी एकमेकांना समजून घेण्याची अधिक, हे वाचून मला थोडा धीर आला. पण गटाने केलेल्या कामाविषयी माझ्या मनात अढी होती, हेही कबूल केले पाहिजे. माझे सारे शिक्षण एका कृतीमागे एक कर्ता शोधण्यात गेले होते.

एका गटाने वसतिगृहाच्या खानावळीचे काम घेतले होते. दुसऱ्या दिवशी जो जेवणार नाही त्याने आधी कळवावे, म्हणजे अन्न वाया जाणार नाही, अशी योजना. प्रणाली नेटकी झाली. गुण देताना मी बदलांची नोंदवही उघडली. कोणी, केव्हा, कोणती ओळ लिहिली याची तीत बिनचूक नोंद असते. चौघांची नावे पानोपानी होती. पाचवी मुलगी बेळगावची. तिचे नाव सबंध सत्रात तीन-चार वेळा आले होते. तिच्या नावापुढे मी सर्वांत कमी गुण मांडले आणि शेरा लिहिला : ‘सहभाग नगण्य.’

दोन दिवसांनी ती आली. माझ्याशी ती एरवी इंग्रजीत बोलत असे. त्या दिवशी मराठीत बोलली. “मॅडम, गुण राहू देत. पण मी काही केलं नाही, असं लिहू नका.”

मी विचारले, “मग तू काय केलंस ते सांग.”

तिने सांगितले ते असे. गटाने पहिल्या आराखड्यात नाश्ता रद्द करण्याची मुदत मध्यरात्रीपर्यंत ठेवली होती. ही मात्र कन्नड येत असल्यामुळे आचाऱ्यांशी बोलत असे. पुढे रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन बसू लागली. तेथे तिच्या ध्यानात आले की, उद्याच्या इडलीसाठी तांदूळ आणि उडदाची डाळ आज सकाळीच भिजत पडते, संध्याकाळी वाटली जाते आणि पीठ रात्रभर आंबते. मध्यरात्री आलेला आकडा आचाऱ्याच्या काडीच्याही उपयोगाचा नाही; तो आदल्या सकाळीच हवा. हे चौघांना पटविण्यात तिचे दोन आठवडे गेले. पटल्यावर मुदतीच्या ओळी दुसऱ्याने बदलल्या, म्हणून नोंद त्याच्या नावावर पडली. वाया जाणारे अन्न ज्या एका गोष्टीमुळे वाचणार होते, ती गोष्ट जिने शोधली तिचे नाव तेथे नव्हते.

गुण मी त्याच दिवशी बदलले, शेराही खोडला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि आठवण झाली ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताची.

ती चिकित्सक आवृत्ती मी अनेक वर्षे शिकविली आहे. १९१९ साली आरंभिलेले ते काम १९६६ साली पूर्ण झाले. १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी पाहण्यात आली. १९२३ साली विराटपर्वाची चाचणी-आवृत्ती काढून ती अभ्यासकांकडे अभिप्रायासाठी पाठविण्यात आली. १९२५ साली डॉ. वि. सी. सुखठणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या या पंडिताने पाठभेद टिपण्याची पद्धत काटेकोर केली. चौकोन आखलेल्या कागदावर एकेका चौकोनात श्लोकाचे एकेक अक्षर लिहावयाचे आणि प्रत्येक हस्तलिखितातील भेद त्याच्याखाली नोंदवावयाचा. पुण्याप्रमाणेच तंजावर आणि शांतिनिकेतन येथेही हे काम चाले. संपादकांची नावे मी वर्गात आदराने घेत आले. ते चौकोन भरणाऱ्यांची आठवण मात्र मला कधी झाली नव्हती. वर्षानुवर्षे मी जे शिकवीत होते, त्याचाच अर्थ एका विद्यार्थिनीने मला खानावळीच्या निमित्ताने सांगितला.

पुढील सत्रापासून मी एक लहानसा बदल केला. स्वतः काय केले हे कोणीही लिहावयाचे नाही. गटातील इतर चौघांनी काय केले, ते प्रत्येकाने एकेका पानात लिहावयाचे. पहिल्या खेपेस अनेकांची पाने कोरीच राहिली. आळसामुळे नव्हे, शेजारी बसलेला काय करतो हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. महिनाभराने तीच पाने भरू लागली, आणि विशेष म्हणजे प्रणालीतील चुकाही त्या लिहिण्याच्या ओघात सापडू लागल्या. दुसऱ्याचे काम शब्दांत मांडावयाचे तर ते आधी समजून घ्यावे लागते, आणि समजले नाही की विचारावे लागते.

ही पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. मैत्रीपोटी कोणी वाढवून लिहितो, रागापोटी कोणी गाळतो. नोंदवही मी आजही उघडते, फक्त ती मिटल्यावर एक प्रश्न विचारते : “हे तुम्हांला कोणामुळे सुचलं?”

त्या मुलीच्या अहवालाची प्रत माझ्याजवळ आहे. पहिल्या पानावर खोडलेला शेरा अजून वाचता येतो. तो पुरता पुसून टाकावा, असे मला वाटत नाही.