बैलगाडीवरचे विमान

गळीत हंगाम सुरू झाला की अंकुशनगरला रात्रीची झोप तुटक होते. समर्थ साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणि मळीचा वास पहाटेपर्यंत सोबतीला असतो. अशाच रात्री टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी जपानी ‘झिरो’ विमानाची प्रतिकृती जोडायला बसलो. मुलाने पाठवलेला संच होता. प्रमाण १:७२, म्हणजे बारा मीटरचा पंखविस्तार जेमतेम सतरा सेंटिमीटरांत मावलेला. आयुष्यभर कविता शिकवलेल्या माणसाने युद्धाचे यंत्र हौसेने जोडावे, याचा थोडा संकोच वाटत होता.

पण विमान सुंदर होते, हे नाकारता येईना. अभियंता जिरो होरिकोशी यांनी ते आखले तेव्हा जपानी नौदलाच्या अटी कठोर होत्या: वेग हवा, लांबचा पल्ला हवा, चपळाई हवी. हाताशी असलेले इंजिन मात्र बेताच्याच ताकदीचे. म्हणून त्यांनी ग्रॅम-ग्रॅम वजन वाचवले. अनावश्यक शब्द गाळून चांगली ओळ सिद्ध व्हावी, तशी ती पंखांची रेघ आहे, असे मनात आले आणि मी सुखावलो.

ते सुख वैमानिकाच्या आसनापाशी संपले. नखाएवढे ते आसन चिमट्याने बसवताना आठवले की, गाळलेल्या गोष्टींत वैमानिकाच्या पाठीमागचे चिलखत होते, गोळी लागल्यावर गळती आपोआप बुजवणारी इंधनटाकीही होती. सौंदर्याची किंमत आत बसणाऱ्या माणसाकडून वसूल झाली होती. १९४४ च्या ऑक्टोबरपासून तर परत न येण्याच्या मोहिमांवर हीच विमाने धाडली गेली.

आणखी एक गोष्ट आठवली. १९३९ च्या मार्चमध्ये या विमानाचा पहिला नमुना नागोयाच्या कारखान्यातून कागामिगाहाराच्या धावपट्टीकडे निघाला तो बैलगाड्यांवरून. रस्ते खराब, मोटारीच्या हादऱ्यांनी यंत्राला इजा होईल ही भीती. त्या काळातले अत्याधुनिक विमान बैलांच्या पावलांनी रात्रभर चालले, आणि १ एप्रिलला उडाले.

खिडकीबाहेर त्याच चालीने गाड्या चालल्या होत्या. उसावर पोर झोपलेले, पुढे बाप, मागे गोधडी पांघरलेली आई. आपल्याकडे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. हा शब्द मी कित्येक वर्षे ऐकला, बोलीचा अस्सल नमुना म्हणून वर्गात कौतुकाने सांगितलाही. त्यात दोन माणसे गाळली गेली आहेत, हे मात्र कधी सांगितले नाही. वजन वाचवणारी भाषा मलाही सुंदरच वाटत आली होती.

संचात वैमानिकाची एक इवलीशी आकृती होती. ती बसवणे ऐच्छिक, असे सूचनापत्रकात म्हटले होते. रिकाम्या आसनाचे विमान अधिक देखणे दिसले असते. मी आकृती रंगवली, चेहऱ्याला दोनदा हात दिला, आसनावर चिकटवली आणि मगच वरची काच बसवली.

पंख अजून जोडायचे आहेत. यंदा ‘कोयता’ हा शब्द मात्र वर्गात नव्याने शिकवायचा आहे.